लग्नातले बूट आणि ट्रकचा टायर

आमच्या शहरात बुटाच्या जोडीतला डावा बूट आधी म्हातारा होतो. उजवा चांगला तुकतुकीत असतो आणि डाव्याच्या नाकावर काळा, खरबरीत डाग. मोटरसायकलचा गेअर डाव्या पायानं वर उचलावा लागतो ना, त्याचा हा प्रताप. घरून ऑफिसला पोचेस्तोवर माणूस बुटाच्या नाकानं लोखंड उचलत राहतो, आणि लिफ्टसमोर उभं राहिल्यावर पायाकडं बघून हळहळतो.

मुकुंदवाडी स्टेशनकडून जालना रोडला येणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मी एकतीस वर्षं याच डाव्या बुटांवर पोट भरलं. लोक उस्मानचाचा म्हणायचे. गाव पिशोर, शिक्षण तिथल्याच शाळेत सातवीपर्यंत. मराठी गुरुजींनी छडीनं बसवलेली आहे, त्यामुळं इतक्यात हलायची नाय. या अंकाच्या संपादकबाईंच्या सँडलला मी सहा वेळा टाच बसवली. सातव्यांदा त्या आल्या तेव्हा मी दुकान उचललं होतं, गुडघे बसू देत नव्हते. बाई म्हणल्या, "मग चाचा, आता लिहायला बसा. खुर्चीवर बसून लिहिता येतं." पटलं मला.

दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री, माझी लोखंडी पेटी आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. पण जागा मोक्याची. माझ्या डाव्या हाताला वस्ती आणि खोदलेला रस्ता, उजव्या हाताला डांबर आणि ऑफिसं. पाण्याच्या लाइनीसाठी तो रस्ता खोदला, बुजवला, परत खोदला. नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, त्या खड्ड्यांत मात्र बारा महिने असायचं. आणि माती आमची काळी. एकदा पायाला बसली की दिवाळीला आलेल्या पाव्हण्यासारखी, जा म्हणलं तरी जात नाय.

मग लोकांनीच एक रीत पाडली. घरून चपलेवर निघायचं, बूट पिशवीत घ्यायचे आणि माझ्या बाकड्यावर बसून बदलायचे. पुढं पिशवीचाही कंटाळा आला. बूट माझ्याकडंच मुक्कामाला राहू लागले. सकाळी चप्पल माझ्या फळीवर आणि बूट पायात, संध्याकाळी उलटं. फळ्या वाढवत वाढवत तीन मजले झाले. चिठ्ठी लावायची गरज कधी पडली नाय. डाव्या बुटावरचा डाग बघितला की कोणाची गाडी कोणती आणि कोण क्लच न दाबता गेअर टाकतो हे मला कळायचं.

धंद्याची दोन-चार गुपितं आता सांगायला हरकत नाय. चिखल ओला असताना पुसायचा नाही. वाळू द्यायचा, मग ब्रशनं झाडायचा. शिकलेली माणसं नेमकी ओला चिखल रुमालानं पुसतात आणि तो शिवणीत भरून घेतात. भिजलेला बूट उन्हात ठेवायचा नाही, आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचा. पॉलिश कमी, ब्रश जास्त. एवढं सांगून मी लोकांना घरी पाठवायचो आणि ते घरी जाऊन आपल्या डोक्यानं काहीतरी भलतंच करून यायचे.

एक देशपांडे साहेब होते. गेअरचा डाग पडू नये म्हणून त्यांनी स्वतः एक युक्ती काढली. डाव्या बुटावर जुना लोकरीचा मोजा चढवायचा, गाडी चालवायची, ऑफिसखाली मोजा काढून डिकीत टाकायचा. युक्ती एक नंबर. फक्त एके दिवशी मोजा काढायचा राहिला आणि साहेब तसेच मीटिंगमध्ये जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं पायाला प्लास्टर आहे. मोठ्या साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली, एक स्टूल पायाखाली सरकवला. आता एवढं झाल्यावर खरं कसं सांगायचं? देशपांडे साहेब त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लंगडले. शेवटी अंगवळणी पडलं असावं, कारण माझ्याकडं चप्पल घ्यायला आले तेव्हासुद्धा लंगडतच आले.

देशमुख मॅडमनी वेगळाच प्रयोग केला. आंघोळीच्या वेळी केस भिजू नयेत म्हणून डोक्याला घालतात ती प्लॅस्टिकची टोपी. अशा दोन टोप्या दोन्ही बुटांवर चढवून त्या स्कुटीवर निघायच्या. वेग घेतला की टोप्यांत हवा भरायची आणि पाय भोपळ्याएवढे दिसायचे. एकदा चौकात पोलिसानं थांबवलं. लायसन नाय मागितलं, काही नाय. म्हणला, "मॅडम, हे काय आहे तेवढं सांगा आणि जा."

पण हे झालं गमतीचं. माझ्या हातून जे झालं ते साळुंकेच्या बाबतीत झालं, आणि त्यात मी चाचा म्हणून शहाणपणा केला होता.

साळुंके वैजापूरकडचा. घरी शेती, इथं मुकुंदवाडीत भाड्याची एक खोली, आणि समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका खासगी कंपनीत काँट्रॅक्टवर नोकरी. बायको आणि पोरगी गावाकडं आईबापाजवळ. काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, बारावा महिना छातीत धडधड, परत अकरा महिने. "चाचा, परमनंट झालो की दोघींना इकडं आणतो," हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याच्या पोरीचा दात कधी पडला तेही मला ठाऊक असायचं.

हा पहिल्यांदा आला तेव्हा पायात जे बूट होते ते बघून मी हातातलं काम खाली ठेवलं. काळे, साधे, पायासरशी बसलेले, आणि चामडं असं मऊ की बोटांना बरं वाटावं. लग्नात सासऱ्यानं पोशाखाबरोबर घेतलेले. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते फारसे चालले नव्हते, कारण मेव्हण्यांनी चोरून ज्वारीच्या कणगीत दडवले होते. शिवणीतून दोन दाणे मीच काढले.

"हे घालून मोटरसायकल चालवतोस?" मी विचारलं.

"मग काय करू? बूट चालायलाच असतेत ना."

बघा, खरं बोलला होता पोरगा. आणि मी त्याला गप्प बसवलं. म्हणलं, "येडा का तू? वर्षात गेअर खाऊन टाकील यांना. मुलाखत कधी आहे तुझी?"

"पुढच्या महिन्यात म्हणू लागले."

"मग तोवर माझ्याकडं ठेव. रोजच्याला कोणतेबी घाल. परमनंटच्या मुलाखतीला हे घालून जा, साहेब लोक आधी बूट बघतात."

साहेब लोक आधी बूट बघतात हे मला कोणी सांगितलं? कोणी नाय. एकतीस वर्षं बुटांकडं बघत बसलं की वाटतं सगळी दुनिया तिकडंच बघते. साळुंकेनं तिथंच बूट काढले. मी ते मलमलच्या फडक्यात गुंडाळले, आत कागद कोंबले, वरून एकात एक अशा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्याला रबर, आणि ते बाळंतिणीसारखं गुंडाळलेलं गाठोडं माझ्या लोखंडी पेटीत.

पुढचा महिना चार वर्षांनी आला. मधी एकदा साहेब बदलला, एकदा वरून कागद आला नाय, एकदा कागद आला तर तो दुसऱ्याच गावचा. दर शनिवारी साळुंके यायचा आणि बाकड्यावर बसून विचारायचा, "कसेत?" मी म्हणायचो, "मजेत." मग मी पेटी उघडायचो, पिशव्या सोडायचो, वरून ब्रश मारायचो, तो बोट न लावता बघायचा, आणि परत सगळं बांधून ठेवायचो. त्याच्या रोजच्या बुटाला तोवर मी तीन ठिगळं लावली होती. आमची शमीम, म्हणजे माझी बायको, एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं हा कार्यक्रम पाहिला. म्हणली, "जूते हैं के पीर साब की दरगा?"

शेवटी मार्चमधल्या एका सोमवारी मुलाखत ठरली, सकाळी अकराला. साळुंके साडेदहालाच हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. गाडीसुद्धा आणली नव्हती, गेअरचा धोका नको म्हणून खोलीपासून चालत आला होता. मी बूट काढले. काय सांगू, त्या नाकात माझी टोपी दिसत होती. त्यानं पाय घातले, नाडी बांधली, उभा राहिला.

"कसा दिसू लागलो?"

"नवरदेव," मी म्हणलं.

तो गेला. मी बाकडं झाडायला वाकलो तर तो उभा होता त्या जागी चहाची पत्ती सांडल्यासारखं काहीतरी काळं पडलेलं. चिमटीत धरलं तर पीठ झालं. सोलाचा चुरा होता तो.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे. माझ्या वडलांच्या काळात सोल चामड्याचा नाहीतर टायरचा. तो जपून ठेवला की वर्षानुवर्षं राहायचा. आताच्या महागड्या बुटांना खालून फोमचा सोल असतो, हलका, मऊ. तो चालत राहिला तर टिकतो. न घालता ठेवला तर आतून सडतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर आणखी लवकर. वरून बूट नवा कोरा, खालून भुसा. नुसता अंगठा दाबून बघितला असता तरी कळलं असतं. चार वर्षं मी दर शनिवारी वरून ब्रश मारला आणि खाली अंगठा एकदाही दाबला नाय. हे असं होतं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाय. दोन-तीन जोड्या बघितल्या होत्या तशा. पण त्या लोकांच्या हाताखाली खराब झालेल्या. माझ्या हाताखालची वस्तू कशी खराब होईल, ही घमेंड.

हातोडी, चामडं कापायची रापी आणि खिळ्यांचा डबा घेतला आणि पळालो. रस्ता विचारायची गरजच नव्हती. डांबरावर काळा चुरा, इमारतीच्या पायऱ्यांवर चुरा, आणि आत पांढऱ्या फरशीवर तर सरळ रांग लागलेली. वॉचमन म्हणला, "चाचा, कुठं?" म्हणलं, "पेशंट वर गेलाय." तो बाजूला झाला.

दुसऱ्या मजल्यावर साळुंके खुर्चीत बसला होता, दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून. शिपाई झाडू घेऊन फरशीकडं बघत होता आणि हे कोणी सांडलं म्हणून पुटपुटत होता. साळुंकेचा चेहरा पडलेला.

"चाचा," तो हळूच म्हणला, "चालताना आवाज येऊ लागला म्हणून बसलो. आता पाय उचलायची भीती वाटू लागली."

पाय उचलून बघितला. डाव्याची टाच गेलेली, उजव्याचा सोल पुढून लोंबत होता. हातात वीस मिनिटं. त्याचे रोजचे बूट खोलीवर राहिलेले, आणि माझ्या फळीवर या वेळी नुसत्या चपला. शिपायाचे बूट मागितले तर ते सहा नंबरचे, याचा पाय नऊचा. सोल चिकटवायचं सोल्युशन लावावं तर ते वाळायलाच वीस मिनिटं. साळुंके म्हणला, "राहू द्या. मी नाय जात आत. पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी. मला त्याच्या पोरीचा दात आठवला. तो पडला होता आणि नवा आलासुद्धा होता.

माझ्या पायात माझ्याच हातची चप्पल होती, ट्रकच्या टायरचा सोल, अकरा वर्षं वापरलेली. ती काढली. त्याला जिन्याच्या वळणावर नेऊन बसवलं, रापीनं चपलेचे पट्टे उडवले, टायर त्याच्या बुटाच्या मापाला कापला आणि ठोकायला सुरुवात केली. हातोडीचा आवाज सगळ्या मजल्यावर. आतून एक बाई बाहेर आल्या, म्हणल्या, "काय चाललंय हे?" शिपाई आता आमच्या बाजूनं झाला होता. तो म्हणला, "मेंटेनन्स, मॅडम."

शेवटचा खिळा ठोकला आणि तेवढ्यात साळुंकेचं नाव पुकारलं. उजव्या बुटात एका खिळ्याचं टोक वर आलं होतं, ते वळवायला वेळ नाही मिळाला. "उजवी टाच टेकू नको," एवढंच सांगितलं. तो गेला, वरून नवरदेव आणि खालून ट्रक. मागून बघितलं तर टायरची नक्षी स्पष्ट दिसत होती.

मी पायरीवर अनवाणी बसलो. मला माझी लई लाज वाटत होती. आयुष्यात बुटासाठी मी अल्लाकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं.

अर्ध्या तासानं साळुंके बाहेर आला. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय विचारलं?"

"कामाचंच विचारलं. सगळं आलं मला."

"आणि बूट? बुटाकडं बघितलं का कोणी?"

"चाचा, आत कोणीच नव्हतं."

"म्हणजे?"

"टेबलावर कॉम्प्युटर होता. साहेब लोक पुण्याहून त्याच्यातून बोलले. मी त्यांना इथपर्यंत दिसत होतो." त्यानं शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर हात ठेवला.

आधी मला राग आला. चार वर्षं, मलमलचं फडकं, दोन पिशव्या, माझी चप्पल. मग साळुंकेला हसू फुटलं आणि तो पायरीवर बसला तो उठेना. हसता हसता सांगत होता, "उजवा खिळा टोचला की माझी पाठ ताठ व्हायची. साहेब म्हणले, कॉन्फिडन्स चांगला आहे तुमचा." मग मलाही आवरलं नाय.

दुपारच्या उन्हात मी रस्ता अनवाणी ओलांडून दुकानावर आलो. तेवढ्यात भेटलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं माझ्या पायाकडं बघितलं. साहेब लोक बघत नसतील, गिऱ्हाइकं बघतात.

निकालाला तीन आठवडे लागले. तोवर साळुंके तेच बूट घालून फिरत होता. खिळा मी वळवून दिला, पण टायर काढू देईना. नवीन सोल टाकून देतो म्हणलं तर म्हणला, "आता निकाल लागेस्तोवर हात लावू नका." मग एका संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. पत्र मिळालं होतं. त्यानं ते मला वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. डोळ्यात पाणी आलं होतं हे कबूल करतो.

आणि मग त्यानं काखेतला खोका पुढं केला. बातमी कळताच सासऱ्यानं परत नवे बूट घेतले होते. "चाचा, हे जपून ठेवा. पोरीच्या शाळेत ॲडमिशनला जाताना घालीन."

माझा हात सवयीनं मलमलच्या फडक्याकडं गेला होता, खरं सांगतो. मग मी हात मागं घेतला आणि खोका त्याच्याच मांडीवर ठेवला.

"घाल."

"आत्ता? चाचा, रस्ता बघा की."

"रस्ता रोजचाच आहे. घाल."

त्यानं घातले. गाडीला किक मारली आणि डाव्या बुटाच्या नाकानं पहिला गेअर उचलला. काळजावर ओरखडा उठला माझ्या, पण तोंड बंद ठेवलं. जूनमध्ये त्यानं बायको-पोरीला आणलं. दुकानावर आला तेव्हा पोरीच्या पायात शाळेचे नवे बूट होते. कसे जपायचे म्हणून त्यानं विचारलं. म्हणलं, पळू दे तिला.

पण हे लोकांना सांगणं झालं. पेढ्याच्या त्या संध्याकाळी घरी गेलो आणि शमीमला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिनं स्टूल ओढला आणि कपाटावरून एक हिरवा खोका खाली काढला. आठ वर्षांपूर्वी आमच्या पोरीच्या निकाहला मी तिला सोनेरी पट्ट्यांच्या सँडल आणल्या होत्या. एक संध्याकाळ घातल्या, मग मीच खोक्यात ठेवल्या. दर ईदला ती विचारायची आणि दर ईदला मी म्हणायचो, गर्दीत खराब होतील.

मी सोल तपासायला अंगठा पुढं केला. तिनं सँडल मागं ओढली.

"दबाव नक्को. मैं पहन के जारी."

"काँ?"

"कोतमीर लाने."

भाजीबाजार लांब नाय. ती पुढं चालत होती आणि मी मागून जमिनीकडं बघत होतो, चुरा पडतो का म्हणून. जाताना काही पडलं नाय. तिनं कोथिंबिरीच्या तीन जुड्या बघितल्या, चौथी घेतली, उगाचच दोन चकरा मारल्या. चालताना तिची मान जरा वर होती. मेडिकलच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, परत येताना, उजव्या सँडलची टाच अख्खीच्या अख्खी सुटून मागं राहिली.

मी खाली वाकलो. म्हणलं, "आण इकडं, टायर लावून देतो."

तिनं दुसरी पण काढली आणि दोन्ही कोथिंबिरीच्या पिशवीत टाकल्या. "अच्छे थे," ती म्हणली. "आठ साल में पैली बार चले." आणि अनवाणी पुढं निघाली.

मग मी पण माझी चप्पल काढून हातात घेतली आणि तिच्या बाजूनं चालू लागलो. गल्लीच्या तोंडाशी जुनं गिऱ्हाइक भेटलं, तेच देशपांडे साहेब. आमच्या चारी पायांकडं बघून म्हणले, "काय चाचा, चपला हातात का?"

मी काही बोलायच्या आत शमीमच म्हणली, "आदत है साब इनकी. जपते."